धरण फुटण्याआधीची काही मिनिटे

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली, की आमच्या घरी दर तासाला फोनवर आकडे पाहिले जातात. अशाच पावसाच्या दिवसांत मी 'आउटर वाइल्ड्स' या संगणकावरच्या खेळाचा 'एकोज ऑफ द आय' हा विस्तार, म्हणजे नंतर जोडलेला नवा भाग, खेळायला घेतला आणि तो पुरा करायला मला 21 रात्री लागल्या. त्यांतल्या निम्म्या रात्री निखळ आनंदाच्या होत्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच मी चिडून संगणक बंद करून झोपलो. खेळ 2019 साली आला आणि हा विस्तार 28 सप्टेंबर 2021 रोजी. यान घेऊन अवकाशात शोध घ्यायला सूर्याचा स्फोट होईपर्यंत 22 मिनिटे मिळतात, मग सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि पुढच्या फेरीत सोबत येते ती फक्त मिळालेली माहिती. विस्तारानेही हा नियम मोडलेला नाही. त्यात वाढत जाणारी ताकद नाही की विकत घ्यायचे हत्यार नाही. दार उघडते ते तुम्हाला काहीतरी उमगले म्हणून.

सुरुवात खेळातल्या गावच्या संग्रहालयातून होते. उपग्रहाने काढलेल्या छायाचित्रांतली एक विसंगती धरून मी अवकाशात जागा शोधत होतो आणि दुसऱ्या रात्री सूर्यावर अचानक एक काळी सावली आली. त्या सावलीत शिरल्यावर समोर आले ते हातातल्या कड्यासारखे गोल, प्रचंड जग. त्याच्या आतल्या बाजूने नदी वाहते, आणि मान वर केली की तीच नदी डोक्यावरून जाताना दिसते. टॉर्चचा प्रकाश पाडून तराफा चालवायचा, काठावरच्या घरांत शिरायचे, एवढेच काम. पण बराच वेळ गेल्यावर वरच्या अंगाचे धरण फुटते आणि लोंढा सगळ्या काठावरून फिरतो. कोणते घर पाण्याआधी गाठायचे आणि कोणते पाणी येऊन गेल्यावरच पाहता येते, याचा हिशेब मी वहीत मांडला. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी ऐकून पाणी आपल्या गल्लीत केव्हा पोहोचेल याचा अंदाज बांधणाऱ्या माणसाला हा हिशेब परका वाटत नाही. या विस्तारातले सर्वांत सुंदर कोडे माझ्या मते ती नदीच आहे.

दुसरे बळ म्हणजे यात वाचायला जवळजवळ काही नाही. मूळ खेळात भिंतींवरचा मजकूर इंग्रजीतून वाचावा लागे. इथे त्या कड्यातल्या लोकांची गोष्ट चित्रांच्या चकत्यांमधून, एकेक चित्र पुढे सरकवत कळते. आईला इंग्रजी येत नाही. एका रात्री ती मागे येऊन बसली आणि जंगल तोडून जहाज बांधल्याची चित्रे पाहता पाहता म्हणाली, "अरे, घर मोडून निघालेत हे. आता आयुष्यभर त्याच घराची आठवण काढत बसणार." पुढे खरोखर तेच निघाले. काही चकत्यांमधली चित्रे मुद्दाम जाळलेली आहेत, आणि नेमके तिथेच काय दडवले असेल याचा विचार करत मी दुसऱ्या दिवशी दुकानात बसून राहत असे.

चीड आली ती अंधारामुळे. हिरव्या शेकोटीजवळ कंदील हाती घेऊन झोपले, की एका वेगळ्या, काळोख्या जगात जाग येते. तिथे कंदील घेऊन फिरणारे रहिवासी तुम्हाला पकडतात, तुमची ज्योत विझवतात आणि तुम्ही पुन्हा शेकोटीपाशी येता. एकाच इमारतीत मी 14 वेळा पकडला गेलो. भीती मला मान्य आहे, आणि ती सौम्य करण्याची सोय सेटिंगमध्ये दिलेली आहे. ती मी अकराव्या रात्री चालू केली. पण 22 मिनिटे संपली की पुन्हा यान उडवा, पुन्हा नदी उतरा, पुन्हा शेकोटी गाठा, हे त्या सोयीने टळत नाही. विचार करून सुटणाऱ्या कोड्यांच्या खेळात हाताच्या चपळाईची परीक्षा घेणे, आणि तीही चार-पाच मिनिटांच्या त्याच त्या प्रवासानंतर, मला आजही अन्यायाचे वाटते. तिथपर्यंतची वाट एकदा सापडल्यावर थोडी आखूड करायला हवी होती.

तो अडसर सोडवला धाकट्या बहिणीने. "दादा, तू उजेड धरून पळतोयस म्हणून ते येत्यात. झाक की तो," असे ती म्हणाली. कंदील झाकला की समोरचे काहीच दिसत नाही, फक्त त्यांचे दिवे लांबून हलताना दिसतात. मग घाई सोडून, ते दिवे कुठे वळतात ते पाहत, भिंतीच्या कडेकडेने चालायचे. पंधराव्या खेपेला मी आत पोहोचलो. तिथे सापडलेल्या चकतीमुळे या जगाचे नियमच मला वेगळे दिसू लागले. ते कोणते, हे ज्याचे त्यानेच शोधावे.

शेवटच्या तिजोरीला तीन कुलुपे आहेत. तिसरे उघडले तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. आई पाणी प्यायला उठली होती. ती दारातच थांबली. आत जे घडते त्यात एकही शब्द नाही. मी मागे वळून समजावून सांगू लागलो तेव्हा तिने हातानेच मला गप्प केले आणि ती शेवटपर्यंत उभीच राहिली.