हरमल ते रेडी, पायी

आज संकष्टी. गोव्यातल्या हरमलहून सिंधुदुर्गातल्या रेडीच्या गणपतीला आम्ही सगळे चालत गेलो. पहाटे किनारा, मग गोड्या पाण्याच्या तळ्याकडून डोंगरवाट, उतरल्यावर केरीचं सुरूचं बन. तिथल्या ‘आजोबा’ नावाच्या देवाला नारळ ठेवून फेरीबोटीत चढलो. तेरेखोल नदी ओलांडायला कितीसा वेळ लागतो! पण तेवढ्यात आमच्यातल्या सर्वांत वयस्कर काकूंनी आरती धरली आणि कामावर निघालेली अनोळखी माणसंही टाळ्या देऊ लागली. माझ्यासाठी निम्मं दर्शन तिथेच झालं. पलीकडचा चढ मात्र दमवतो. १९७६ साली खाणीत सापडलेली ती भव्य द्विभुज मूर्ती समोर आली, तेव्हा काकू पायदुखी विसरून कितीतरी वेळ उभ्याच होत्या. येत्या अंगारकीला कोण कोण येणार? ऊन चढायच्या आत केरी गाठायची, एवढीच अट.