वखार ते चेन सॉ : आमची वाटचाल

भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या मागच्या बोळात आमचं दुकान आहे. पुढे चेन सॉ (दातेरी साखळी फिरवून लाकूड कापणारी यांत्रिक करवत), बार (ती साखळी जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी) आणि चेनची पाकिटं टांगलेली, आत वर्कशॉप. धंदा तिसऱ्या पिढीत आलाय, पण दर पिढीत त्याचं रूप बदललं. आजोबांची जळाऊ लाकडाची वखार होती. तेव्हा पेठेतल्या वाड्यांत सकाळी तांब्याचा बंब पेटायचा, स्वयंपाक चुलीवर व्हायचा, आणि कार्य निघालं की आचारी किराण्याच्या यादीबरोबर लाकडाचाही अंदाज सांगायचा. बाभळीला गिऱ्हाईक जास्त, कारण तिचा निखारा टिकतो. बंबासाठी ढलप्या बारीक फोडून लागायच्या, चुलीसाठी हात-दीड हाताची फाटी. कुठल्या घरी काय जातं हे आजोबांना पाठ होतं.

गॅस आला, गीझर आले, वाड्यांच्या जागी इमारती उठल्या. वडिलांच्या हाती वखार आली तेव्हा तिच्यात दम उरला नव्हता. त्यांनी लाकूड विकणं थांबवलं, करवतीला धार लावायचं काम मात्र धरून ठेवलं. आजूबाजूच्या सॉ मिलची पट्ट्यांची पाती, सुतारांच्या हातकरवती, सगळं आमच्याकडे यायचं. एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे असा वाकवून मग कानस फिरवायची. पातं डोळ्यासमोर आडवं धरून एका नजरेत चुकलेला दात हेरायचे ते. मी औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडून त्यांच्या हाताखाली बसलो, आणि त्याच सुमारास दुकानात चेन सॉ दुरुस्तीला येऊ लागले.

वडिलांना चेन समजली, इंजिन नाही. पण टू-स्ट्रोक इंजिनाची या शहराला काय नवलाई? चेतक आणि लुना खोलण्यात हयात घालवलेले एक काका नाना पेठेतून आमच्याकडे आले. प्लगचा रंग बघून ते पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल कमी पडलंय की जास्त हे सांगायचे. काकांकडून इंजिन आणि वडिलांकडून धार, अशी माझी दोन्हीकडची शिकवणी झाली. आज दुकानात जे काही चालतं ते या दोघांच्या जोरावर.

आता मुद्द्याची गोष्ट. घरचं सरपण तोडायला चेन सॉ घ्यायला आलेला माणूस आधी 'किती सीसी?' म्हणून विचारतो. बाजारात ५८ सीसीचं, २२ इंची बारचं मशीन स्वस्तात मिळतं, ते त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. आम्ही त्याला खुर्ची देतो आणि आमचे प्रश्न विचारतो. लाकूड कुठलं? किती जाड? ओलं की वाळलेलं? मशीन धरणार कोण? आणि धार कोण लावणार? शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांकडे उत्तर नसतं. खरी निवड तिथेच अडते.

पानशेतच्या बाजूच्या एक ताई दिरांना घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, मोठंच द्या. एकदाच काय ते घेऊन टाकू."

"ताई, तोडायचं काय आहे?"

"बांधावरचं गिरिपुष्प आणि सुबाभूळ. मांडीएवढं जाड, त्याच्या वर काही नाही. मृगाच्या आत पडवी भरली पाहिजे, नंतर चार महिने वाळकं लाकूड मिळत नाही आमच्याकडे."

मांडीएवढ्या लाकडाला २२ इंची बार कशाला? लाकडाच्या जाडीपेक्षा बार दोन-तीन इंच लांब असला की काम होतं. घरच्या सरपणाला १४ किंवा १६ इंची बार आणि ३५ ते ४० सीसीचं इंजिन पुरून उरतं. ५८ सीसीचं मशीन बार-चेन आणि भरलेल्या टाक्यांसकट सात किलोच्या आसपास जातं. अर्धा तास ते धरलं की हात भरून येतात, आणि हात थकला की बारचं टोक कुठे चाललंय यावरचं लक्ष सुटतं. लहान मशीन दोन-अडीच किलोंनी हलकं. ताईंनी १६ इंची नेलं. दिरांचा चेहरा जरा उतरला होता, पण दोघंही पुढच्या शनिवारी धार लावायला शिकायला आले.

ते शिकवणं हाच आमच्या धंद्याचा कणा झाला. मशीनबरोबर आम्ही त्या चेनच्या मापाची गोल कानस देतो आणि दुकानातच बसवून चेनला धार लावून घेतो. लहान मशीनवर बहुधा ३/८ इंच पिचची (पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटमधल्या अंतराचं निम्मं) लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीची चेन असते, तिला ४ मिलीमीटरची कानस लागते. ०.३२५ इंच पिचच्या चेनला ४.८ मिलीमीटरची. चुकीच्या मापाची कानस चालवली की दाताचा आकारच बिघडतो. बार व्हाइसमध्ये घट्ट पकडायचा. कानस दाताच्या आतून बाहेरच्या दिशेने ढकलायची, परत आणताना उचलून घ्यायची. बहुतेक चेनच्या दातावर कोनाची बारीक रेघ कोरलेली असते, साधारण ३० अंशांची. कानस तिला समांतर ठेवायची. कानसेचा पाचवा हिस्सा दाताच्या वर दिसत राहिला पाहिजे. प्रत्येक दातावर सारखेच हात. एका बाजूचे दात झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. एका बाजूचे दात आखूड राहिले तर काप सरळ उतरत नाही, बाजूला वळत जातो आणि बार लाकडात आवळला जातो.

प्रत्येक दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो. दात एका वेळी किती खोल शिरणार हे तो ठरवतो. दाताची धार काढत गेलं की दात खाली जातो, उंचवटा तेवढाच राहतो, आणि मग चेनला धार असूनही ती लाकूड नुसतं खरवडते. पुष्कळ जण इथेच फसतात आणि नवी चेन घेतात. चार-पाच वेळा धार लावून झाली की गेज ठेवून चपट्या कानशीने उंचवटाही उतरवायचा. दात आणि उंचवटा यांतला फरक साधारण ०.६५ मिलीमीटर हवा. त्याहून जास्त उतरवला की चेन लाकडात घुसून मशीन झटके मारतं.

धार आहे की गेली हे ओळखायला मशीन बंद करायचीही गरज नाही. खाली पडणारा भुसा बघा. जाडसर कीस पडत असेल तर चेन ठीक. पिठासारखी भुकटी पडायला लागली, किंवा मशीन दाबावं लागलं, की थांबा. वाळलेली बाभूळ लोखंडासारखी कडक, तिच्यात धार लवकर जाते. मातीने माखलेली साल त्याहून वाईट. नदीकाठचा, वाळूत लोळवलेला ओंडका कापण्याआधी साल कुऱ्हाडीने काढून टाका किंवा निदान तारेच्या ब्रशने झाडून घ्या. आणि ओंडका जमिनीवर ठेवून कापू नका. चेनचा मातीला एक स्पर्श झाला की अख्ख्या दुपारची मेहनत गेली. लाकडाची घोडी करून घ्यायला अर्धा दिवस लागतो, ती पुढची कित्येक वर्षं कंबर वाचवते.

चेनच्या या दाताचा इतिहास मला फार आवडतो, म्हणून नव्या मुलांना तो सांगतोच. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये त्याने एका ओंडक्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. तिचे जबडे आलटून-पालटून डावी-उजवीकडे चालत, आणि आडव्या-उभ्या दोन्ही रेषांतून ती सारख्याच सहजतेने जात होती. त्या जबड्यांसारखा वाकडा दात त्याने चेनला बसवला आणि १९४७ मध्ये आपल्या चेनचा कारखाना काढला. आज आम्ही विकतो ती जवळजवळ प्रत्येक चेन त्याच धाटणीची आहे. त्याआधीच्या चेनला करवतीसारखे दात असायचे आणि त्यांना धार लावणं हे वेगळंच काम होतं.

विजेच्या मशीनबद्दल लोक बिचकतात, पण बंगल्याच्या आवारातच सरपण कापायचं असेल तर आम्ही तेच सुचवतो. पेट्रोल मिसळायची भानगड नाही, शेजाऱ्यांच्या कानाला त्रास कमी. २००० वॅटचं मशीन जवळजवळ ९ अँपिअर ओढतं, तेव्हा ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लावू नका, १६ अँपिअरचा पॉइंट वापरा. बारीक वायरची लांबलचक एक्स्टेन्शन लावली की व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. अडीच चौरस मिलीमीटरची वायर घ्या. वेल्ह्याकडे जिथे पावसाळ्यात लाइट येते-जाते तिथे अर्थातच पेट्रोल. बॅटरीचं मशीन फांद्या छाटायला छान, ढीगभर सरपणाला मात्र दुसरी बॅटरी लागतेच.

पेट्रोलचं म्हणाल तर पंपावर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल मागून घ्यायची सवय जुन्या पुणेकरांना आहे, पण नव्या पिढीला ती नाही. साध्या पेट्रोलवर चालवलेलं मशीन आमच्याकडे पिस्टन पकडलेल्या अवस्थेत येतं, आणि तो खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर जातो. चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलचं प्रमाण बहुतेक मशीनना ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. कमी दर्जाच्या ऑइलला २५ ला १, म्हणजे ४० मिली. पुस्तिकेत जे लिहिलंय तेच पाळा, आणि आधी डब्यात हलवून मगच टाकीत भरा. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. म्हणून महिन्याच्या वर ठेवलेलं मिश्रण वापरू नका. पावसाळ्याआधी मशीन ठेवून देणार असाल तर टाकी रिकामी करा आणि बंद पडेपर्यंत चालवा. कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा कडक होऊन मशीन चालू न होण्याची तक्रार आमच्याकडे ऑक्टोबरात सर्वांत जास्त येते.

चेनच्या ऑइलची टाकी वेगळी असते. तिच्यात गाडीतून काढलेलं जळकं ऑइल ओतणारे खूप जण आहेत. त्यातल्या लोखंडाच्या कणांनी ऑइल पंप झिजतो, नळी तुंबते. पंप चालतो की नाही हे बघायला बारचं टोक कोरड्या फळीपासून वीतभर वर धरा, लाकडाला न लावता, आणि रेस द्या. फळीवर ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. रेघ नाही तर कापायला घेऊ नका.

मशीनबरोबर हेल्मेट आणि पायाला बांधायचं संरक्षक कापड घेतल्याशिवाय आम्ही नवशिक्याला चेन सॉ देत नाही. याने गिऱ्हाईक जातं, ते दुसऱ्या दुकानात पाऊण किमतीत मशीन घेतं, हे आम्हाला माहीत आहे. तरी देत नाही. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उलटून थेट तोंडाच्या दिशेने येतं. ते इतक्या झटकन होतं की हात आवरायला वेळच मिळत नाही; चेन ब्रेक (फिरती चेन झटकन थांबवणारा) आणि हेल्मेट हेच काय ते आड येतं. म्हणून आमच्याकडे चेन ब्रेक ढिला झालेलं मशीन दुरुस्तीला आलं तर ब्रेक नीट केल्याशिवाय परत जात नाही, मग त्याला दुसरंच काही काम का असेना. भाड्यानेही आम्ही मशीन फक्त माहितीतल्या माणसाला देतो.

वळवाचा पाऊस झाला की शहरात गुलमोहराच्या फांद्या पडतात आणि दुकानासमोर गाड्या थांबतात. पडलेली फांदी कापणं वेगळं, उभं झाड पाडणं वेगळं. पुण्यात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. "झाड पाडायचंय" म्हणून कोणी मशीन मागितलं तर आम्ही आधी ती विचारतो. सगळ्यांना ते आवडत नाही.

मशीन विकायला ठेवताना आमचा एकच नियम आहे: त्याचे स्पेअर आमच्या कपाटात असले पाहिजेत. एका पुरवठादाराची मशीन दिसायला देखणी होती, पण क्लच ड्रमसाठी गिऱ्हाइकाला दोन महिने थांबावं लागायचं. ती आम्ही बंद केली. आज कपाटात चेन, बार, कार्ब्युरेटरचे पडदे, स्टार्टरच्या दोऱ्या, प्लग, ऑइल पंप हे सगळं लेबल लावून ठेवलेलं आहे, आणि त्याचा हिशेब माझी बहीण पाहते. कुठल्या मशीनला कुठली चेन लागते हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

दर शनिवारी दुपारी वर्कशॉपमध्ये धार लावायला शिकवणं चालू आहे. पैसे घेत नाही, मशीन आमच्याकडून घेतलेलं असलं पाहिजे असंही नाही. येताना फक्त बारच्या मागच्या टोकाजवळ, मशीनच्या बाजूला कोरलेले आकडे पाहून या: पिच, ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची) जाडी आणि त्यांची संख्या. १६ इंची म्हटलं तरी एका मशीनला ५५ लिंकची चेन लागते, दुसऱ्याला ५६ किंवा ५७. आकडे पुसले गेले असतील तर जुनी चेन पिशवीत घालून आणा, इथे बसून मोजू.