लूज, मोळे, लूज!

केरळात जाऊन तेलाचा मसाज घेऊन आले म्हटलं की ऑफिसात सगळे म्हणतात, "मजा आहे बुवा!" कसली मजा? उठल्या उठल्या कडू काढा, प्यायला कोमटच पाणी, दुपारी झोपायला बंदी, पंखा एकवर आणि मोबाइल दिवसातून अर्धा तास. मी भांडून तो पाऊण तास करून घेतला, तेवढाच माझा विजय.

जायचं कारण साधं होतं. अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल रात्री दहाला सुरू होतात आणि संपले तरी डोक्यात चालूच राहतात. मान आखडलेली, सकाळी उठावं तर जबडा दुखतोय. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, हाडं उत्तम आहेत, ताण कमी करा. जणू तो नळ आहे. याआधी एका हॉटेलात तासाभराचा मसाज घेऊन झाला होता, बासरी, मेणबत्त्या वगैरे. पुढच्या कॉलपर्यंत टिकला.

पावसाळ्यात कोकण रेल्वे मुद्दामच हळू धावते, त्यामुळे नेत्रावती एक्स्प्रेस रेंगाळत तिरूरला पोचली. मलयाळी पंचांगातला कर्किडकम महिना चालू होता, म्हणजे साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट. शेतीची कामं कमी, पाऊस धो धो. तिकडे अंगाला तेल लावायचा, औषधी कांजी प्यायचा हाच काळ. घरोघरी संध्याकाळी दिवा लावून रामायण वाचतात. आपल्याकडच्या श्रावणातल्या पोथीची आठवण झालीच. जवळच कोट्टक्कल आहे, जिथे वैद्य पी. एस. वारियर यांनी 1902 मध्ये आर्य वैद्य शाळा ही आयुर्वेदिक उपचारांची संस्था काढली. आमचं ठिकाण मात्र त्या भागातल्याच एका वैद्य घराण्याचं, मोजक्या खोल्यांचं. भिंतीला ओल, गाद्या कडक, माणसं लाघवी.

मसाज ‘द्रोणी’वर, म्हणजे कडेनं पन्हळ असलेल्या लांबलचक लाकडी पाटावर. बायकांना बायकाच तेल लावतात. माझ्या वाट्याला आल्या त्या चेची (म्हणजे ताई) साठीच्या आसपासच्या, तोडकंमोडकं हिंदी बोलणाऱ्या. दोन्ही बाजूंना दोघीजणी, चार हात एका तालात खांद्यापासून बोटांपर्यंत. तेल चांगलंच गरम, आणि वास असा की केसांतून आठवडाभर जात नाही.

पहिल्याच दिवशी चेचींनी माझा उजवा हात वर उचलला आणि सोडून दिला. हात खाली आलाच नाही! कोपरातून वाकलेला, हवेत तसाच. त्यांनी तो खाली ठेवला, पुन्हा उचलला, सोडला. पुन्हा तेच. "लूज, मोळे, लूज," त्या म्हणाल्या. मोळे म्हणजे पोरी. मी म्हटलं, लूजच आहे की. त्या हसल्या, पलीकडच्या बाईंना मलयाळममध्ये काहीतरी म्हणाल्या, मग दोघी हसल्या. मला राग आला. पैसे मोजून, अंगभर तेल माखून उघडी पडलेय आणि वर हसताय? पण हात खरंच हवेत होता. मी तो धरून ठेवला होता आणि मला पत्ताच नव्हता. खाली टाकायचा म्हणून टाकला, तर चेची मान हलवून म्हणाल्या, "तुम डाला. गिरा नहीं." बरोबर होतं. टाकणं आणि पडणं यातला फरक त्यांच्या तळव्याला कळत होता, मला नाही.

मग तो रोजचाच खेळ झाला. माझी स्पर्धेची हौस अशी की मसाजच्या आधी खोलीत बसून मी हात पाडायचा सराव करायचे. निघायच्या सुमारास डावा हात धप्पकन पडला. चेचींनी टाळी वाजवली. उजवा, माउसचा, शेवटपर्यंत पडला नाही.

तेलानंतर मुगाच्या पिठानं अंग चोळून अंघोळ, आणि टाळूवर चिमूटभर रास्नादी चूर्ण, सर्दी होऊ नये म्हणून. रात्री कांजी, म्हणजे उकड्या तांदळाची आपली पेजच, सोबत मूग नि पापड. मी मूळची मालवणची, मला तक्रार नव्हती. शेजारच्या खोलीतले दिल्लीचे काका मात्र तिसऱ्याच रात्री गेटबाहेर परोटा-बीफ खाताना सापडले. मधले दिवस पावसाकडे बघण्यात गेले. कंटाळा आला, खूप आला. आणि त्या कंटाळ्यातच झोप परत आली, हेही सांगायला हवं.

खरी गंमत निघताना झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता ‘नल्लिरिक्क’. उपचार जितके दिवस, तितकेच दिवस पुढे पथ्य: जागरण नाही, दगदग नाही, लांबचा प्रवास नाही, दुपारची झोप नाही. मी म्हटलं, डॉक्टर, मी सोमवारी जॉइन होतेय. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग अर्धाच उपचार घेतलात तुम्ही. तेल हा सोपा अर्धा." रोज जमलं नाही तर निदान डोकं, कान आणि पाय यांना तेल लावा, आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्यानंही यांच्यावरच भर दिलाय, असं म्हणून त्यांनी बाटली दिली. कॉलचं काय करायचं, हे वाग्भटाला विचारायची सोय नव्हती.

गाडीतूनच मॅनेजरला मेसेज केला, रजा वाढवून हवी. उत्तर आलं: "शुअर, पण रिलीजपर्यंत रात्रीचे कॉल तेवढे घेशील ना?" मी ‘नाही’ लिहिलं, मग ‘बघते’ केलं, मग रत्नागिरी येईपर्यंत काहीच पाठवलं नाही. शेवटी आठवड्यातले दोन कॉल सहकाऱ्याच्या गळ्यात मारले, बदल्यात त्याचा सकाळचा रिपोर्ट माझ्याकडे आला. तेल आता फक्त रविवारी लागतं, आणि बाथरूमची फरशी निसरडी होते म्हणून नवऱ्याची त्यावरून कटकट.