सायकल टूरचा शिधा, नोंद चौथी: लाडवाचं प्रमाण बदललं

मार्ग पुणे–वाई–महाबळेश्वर, साधारण १२० किलोमीटर, दोन दिवस, सामान बारा किलो. मागच्या प्रमाणातला लाडू सपाटीला उत्तम चालला, पण घाटात पोटात दगडासारखा बसला. म्हणून या वेळी चढाचं खाणं वेगळं काढलं.

आधी हिशोब. लादलेल्या सायकलीला किलोमीटरमागे २५ ते ३० कॅलरी लागतात. पुणे ते वाई नव्वदच्या आसपास, म्हणजे अडीच हजार. शरीराच्या रोजच्या सतराशे वेगळ्या. चार हजारांच्या वर गेलो, आणि पोह्याची एक प्लेट देते जेमतेम तीनशे! हॉटेलांच्या भरवशावर हा खड्डा भरायचा तर खिसा रिकामा होतो.

आम्ही रुपयाला किती कॅलरी मिळतात ते मोजतो. शेंगदाणे दीडशे रुपये किलो धरले तर ३७, गूळ ६५ रुपयांनी घेतला तर ५९. पाच रुपयांचं केळं २०. पन्नास रुपयांच्या एनर्जी बारच्या दोनशे कॅलरी असतील तर फक्त ४. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार (धान्याच्या) बाजारातून किलोवर माल उचलला तर आणखी फरक पडतो.

जुना लाडू: शेंगदाणे ५००, गूळ ३००, तूप ५० ग्रॅम, २८ लाडू, प्रत्येकी १५८ कॅलरी. दोष तुपात आणि दाण्याच्या तेलात. एका लाडवात स्निग्ध दहा ग्रॅमच्या वर, कर्बोदकं तेराच. स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात, आणि चढावर रक्त पायांकडे गेलेलं असतं, मग मळमळतं.

नवा लाडू: शेंगदाणे ४००, गूळ ३५०, बिया काढलेला खजूर १५०, तूप नाही. तीस लाडू, प्रत्येकी १३४ कॅलरी, कर्बोदकं सतरा ग्रॅम, स्निग्ध साडेसहा. दाणे मंद आचेवर भाजून पूर्ण गार करा. मिक्सर थांबून थांबून फिरवा. सलग फिरवला की तेल सुटतं आणि उन्हात हँडलबारच्या पिशवीत लाडवाचा लगदा होतो. कूट रव्याएवढं जाडसर राहिलं पाहिजे. गूळ चिक्कीचा नको, मऊ साधा घ्या, नाहीतर लाडू दातांना कडक लागतो. प्रत्येक लाडू बटर पेपरमध्ये वेगळा गुंडाळा, म्हणजे एका हातानं सुटतो.

खाण्याची वेळ सगळ्यात महत्त्वाची. कात्रज घाट चढून उतरलो की पहिला लाडू, मग दर पाऊण तासाला एक, भूक असो वा नसो. पायांतला साखरेचा साठा संपल्यावर खाल्लेलं उपयोगी पडायला वीस-तीस मिनिटं जातात, आणि तेवढ्यात माणूस पहिल्या ढाब्यावर बसून दिसेल ते मागवतो. पैसे तिथेच जातात.

पसरणी घाटात, वाई ते पाचगणी, लाडू बंद. ७५० मिलीच्या बाटलीत ४५ ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू, आणि सोबत केळं. बाटली आणि केळं मिळून साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं येतात. साखर याहून बरीच वाढवली तर पाणी पोटात डचमळतं. हे आम्ही दोन घाटांत पडताळलं.

मुक्कामाला खिचडी: तांदूळ १००, मूगडाळ ५०, तूप २०, शेंगदाणे ३० ग्रॅम. सुमारे पावणेनऊशे कॅलरी, खर्च तीसेक रुपये. डाळ-तांदूळ पोहोचण्याआधी तासभर डब्यात भिजवले की इंधन वाचतं. उन्हाळ्यात जास्त वेळ ठेवले तर आंबूस वास येतो. तूप मात्र उतरवल्यावर घाला.

पुढची चाचणी ताम्हिणी घाटात. मुळशी सोडल्यावर दुकानं विरळ होतात, त्यामुळे एक दिवसाचा लाडू जास्त नेणार आणि खजूर २०० ग्रॅमपर्यंत वाढवून बघणार.