पाणी फोडून दाखवलं तेव्हा

मूलद्रव्य आणि संयुगाच्या व्याख्या नववीची मुलं चटकन पाठ करतात, पण पाणी हे संयुग, म्हणजे वेगवेगळी मूलद्रव्यं जोडली जाऊन बनलेला पदार्थ आहे ही गोष्ट त्यांच्या गळी उतरत नाही. दिसायला त्यात वेगळं काहीच नाही, मग पटावं तरी कसं? म्हणून यंदा पाण्याचं विद्युत अपघटन, म्हणजे वीज सोडून त्याचे घटक वेगळे करणं, वर्गातच करून दाखवायचं ठरवलं.

प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाला भोकं पाडून दोन्ही टोकांनी तासलेले शिसपेन्सिलीचे दोन तुकडे एम-सीलने बसवले. त्यांवर पाण्याने भरलेल्या परीक्षानळ्या उलट्या धरल्या आणि खालून ९ व्होल्टची बॅटरी जोडली. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही, म्हणून त्यात थोडा धुण्याचा सोडा घातला. मीठ मुद्दाम टाळलं, कारण त्याने क्लोरीन वायू सुटतो.

ऋण टोकावरून बुडबुड्यांची दाट माळ सुटली, धन टोकावर तुरळक. अख्खा तास त्यातच गेला, पण एकही पोर जागेवर बसलं नाही! ऋण टोकावरच्या पहिल्या नळीत हायड्रोजन जमला, दुसरीतल्या ऑक्सिजनच्या साधारण दुप्पट. अगदी दुप्पट नाही, थोडा ऑक्सिजन पाण्यात विरघळतो आणि थोडा पेन्सिलीतल्या कार्बनशी संयोग पावतो. पहिल्या नळीच्या तोंडाशी पेटती काडी नेली, फट्‌ असा आवाज झाला. दुसरीत विझत आलेली उदबत्ती घातली, ती लखकन फुलली.

आग विझवणारं पाणी, आणि त्यातून निघाला एक स्वतः जळणारा वायू नि दुसरा जळायला मदत करणारा! संयुगात घटकांचे मूळ गुण उरत नाहीत, हे मला तासभर बोलूनही इतकं सांगता आलं नसतं. शिवाय पाणी विहिरीचं असो वा पावसाचं, शुद्ध केलं की त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं वजन १:८ याच प्रमाणात भरतं. मिश्रणाला असं बंधन नसतं.

मग एका मुलीने विचारलं, "सर, उद्या हायड्रोजनपण फुटला तर?"

प्रश्न फार मोलाचा होता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने १७८९ मध्ये केलेल्या मूलद्रव्यांच्या यादीत चुनासुद्धा होता, कारण तो तेव्हा कुणाला फोडता येत नव्हता. १८०८ मध्ये इंग्लंडच्या रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने विजेच्याच साहाय्याने त्यातून कॅल्शियम वेगळं केलं. आज आपण फोडून बघण्यावर अवलंबून नाही. १९१३ मध्ये इंग्लंडच्या भौतिकशास्त्रज्ञ मोझलेने क्ष-किरणांवरून अणुअंक, म्हणजे अणुकेंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या, ठरवायची वाट दाखवली. ज्याच्या सगळ्या अणूंचा हा अंक एकच, ते मूलद्रव्य. हायड्रोजनच्या प्रत्येक अणुकेंद्रकात एकच प्रोटॉन असतो, ऑक्सिजनच्या केंद्रकात आठ. त्या मुलीला पुढच्या तासाला आवर्तसारणी घेऊन बसवणार आहे.