आधी वाटाणा उगवून दाखव

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून द्या, असं समितीचं पत्र आलं. प्रयोगशाळा, ग्रंथालय, स्नेहसंमेलन यांवर कुणी ना कुणी लिहीलच. मला फक्त चित्रकलेच्या सरांबद्दल लिहायचंय. कोणते सर, हे माझ्या आगेमागे शिकलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

मी नववीत होते. खो-खोचे सामने आपल्या मैदानावर होते, पीटीचे सर रजेवर, म्हणून फक्कीने मैदान आखायचं काम आपल्या सरांकडे आलेलं. मला पळता यायचं नाही, त्यामुळे मी नेहमीप्रमाणे पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर. दोन खांबांमधले आठ चौकोन आखून झाले आणि मी तिथूनच ओरडले, "सर, पाचवा चौकोन रस्त्याकडे सरकलाय!" सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी सुतळी मागवली आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून धरली. पाचवा चौकोन दोन बोटं बाहेर होता. सरांनी तो पायाने पुसला, पुन्हा आखला आणि हात झटकत म्हणाले, "उद्या मधल्या सुट्टीत हॉलमध्ये ये."

तोवर माझ्याबद्दल घरीदारी एकमत होतं: पोरगी साधारण आहे, डी.एड. करून टाकू. दुसऱ्या दिवशी सरांनी मला एलिमेंटरीचा, म्हणजे सरकारी चित्रकला ग्रेड परीक्षेचा, फॉर्म भरायला लावला. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे तिचे पेपर. स्मरणचित्रात माझी माणसं बाहुल्यांसारखी यायची. दुसऱ्या कुणीही मला रोज माणसंच काढायला बसवलं असतं. सर म्हणाले, "माणसं पास होण्यापुरती काढ. तुझी नजर रेघेत आहे, सगळा वेळ तिकडे घाल." सर पक्षपाती होते असं आजही काही जण म्हणतात. म्हणोत. ज्याला जे सहज जमतं त्याच्याकडून तेच जास्त मागायचं, हा पक्षपात असेल तर तो सगळ्यांच्या वाट्याला आला होता. गाणाऱ्या मुलाला त्यांनी चित्रकलेच्या तासाला खुशाल पेटीवर बसवलं होतं.

निकाल लागला, 'ए' ग्रेड आली. मग सरांनी एका रद्दी ड्रॉइंग पेपरच्या पाठीमागे आडवी रेघ मारली आणि विचारलं, "या टोकाला काय लिहू? मोठं सांग, लाजू नकोस." मी घाबरत म्हटलं, "ड्रॉइंग ऑफिसात नोकरी." त्यांनी 'नोकरी' खोडून 'स्वतःचं ड्रॉइंग ऑफिस' लिहिलं आणि तिथून उलटं यायला लागले. ऑफिसला गिऱ्हाईक लागतं, गिऱ्हाइकाला तुझं नाव माहीत लागतं, नावासाठी आधी कुणाकडे तरी राबावं लागतं, त्यासाठी नाशिकजवळच्या सातपूरच्या आयटीआयचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकलचा (यंत्रांची ड्रॉइंग्ज काढायचा) दाखला, त्यासाठी दहावीचं गणित. डाव्या टोकाला आजची तारीख. "बीजगणितात काठावर सुटलीस तरी चालेल. भूमितीत मार्क गेला तर गाठ माझ्याशी आहे."

त्याच हिवाळ्यात पांडवलेण्यांची सहल निघाली. अर्ध्या पायऱ्या चढून आम्ही दम खात बसलो तेव्हा सरांनी फाळक्यांची गोष्ट सांगितली. आपल्या त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेला माणूस. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, शिवाय जादूचे प्रयोग, असलं सगळं हाताला लागलेलं. चाळिशीत सिनेमाचं वेड घेतलं, १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा आणला. पण पैसे लावणार कोण? तर गड्याने कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा रोखला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत वेल उगवताना दाखवली. ते बघून पैसा उभा राहिला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. सर म्हणाले, "स्वप्न कितीही मोठं बघा, पण आधी वाटाणा उगवून दाखवा." पुढे आमच्या घरात हा वाक्प्रचारच झाला. मुलाने काहीही मोठं बोलायचा अवकाश, त्याचे बाबा विचारतात, "वाटाणा कुठाय?"

माझा वाटाणा म्हणजे ट्रेसिंग, ड्रॉइंगवर पातळ कागद ठेवून ते शाईने गिरवणं. सातपूरच्या एका कारखान्यात ट्रेसर म्हणून लागले. रोट्रिंग पेनची शाई सांडली की अर्ध्या ब्लेडने हलकेच खरवडायची, मग नखाने घासून ट्रेसिंग पेपर गुळगुळीत करायचा, नाहीतर पुढची रेघ फुटते. माझी फुटायची नाही. साहेब अवघड शीट माझ्याच टेबलावर ठेवू लागले. ऑटोकॅड, म्हणजे कंप्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, आलं तेव्हा बरोबरीच्या काहींनी नोकऱ्या सोडल्या. मी कॉलेज रोडला संध्याकाळचा क्लास लावला. रेघ ओळखणारी नजर तीच, पेन तेवढं बदललं.

आज अंबडला माझं डिझाइन ऑफिस आहे. आम्ही प्लॅस्टिकच्या साच्यांची ड्रॉइंग्ज करतो, गाड्यांच्या डॅशबोर्डपासून बाटल्यांच्या बुचांपर्यंत. प्लॅस्टिक थंड होताना आकसतं. एबीएस जातीचं साधारण अर्धा टक्का, पॉलिप्रॉपिलीन जातीचं दीड-दोन टक्के. म्हणून साचा आधीच तेवढा मोठा काढावा लागतो. नव्या मुलींना हे शिकवताना सरांनी खोडलेली ती 'नोकरी' मला हटकून आठवते.

मागच्या महिन्यात शाळेत जाऊन आले. मैदानाच्या निम्म्या भागात पेव्हर ब्लॉक बसलेत, फक्की मारायची कुठे? चित्रकलेच्या हॉलची कंप्युटर लॅब झालीय. झाली, हरकत नाही, माझंही पोट कंप्युटरवरच आहे. पण चित्रकलेचा तास आठवड्याला एकच उरलाय, आणि आठवीतल्या पोरांना "तुला काय छान जमतं?" विचारलं तर ती आईकडे बघतात. आई टक्केवारी सांगते.

दर शनिवारी येऊन ग्रेड परीक्षेच्या मुलांची भूमिती घ्यायची माझी तयारी आहे, तसं पत्र मुख्याध्यापिकांना दिलंय. फीची अडचण असलेल्यांचे फॉर्म मी भरीन. समितीने खोलीचं तेवढं बघावं, कारण लॅबच्या टेबलांवर कीबोर्ड हलवल्याशिवाय ड्रॉइंग बोर्ड बसत नाही. मी मोजून आलेय.