अंगणातली एंटरप्राइज आणि नवतपा

सव्वातेरा फुटांची आमची एंटरप्राइज जातीची शिडाची बोट अलिबागजवळ बरीच वर्षं पाण्यातच बांधलेली असायची. असली हलकी बोट शीड उतरवलं की पाण्याबाहेर काढून ठेवायची असते. ते झालं नाही, आणि तळाला फोड आले. मार्चमध्ये पिकअपवर लादून नागपूरला आणली, शेडमध्ये पालथी घातली आणि मोजले : ६३. पहिला फोड खरवडला तसं चिकट पाणी निघालं. बोटांना व्हिनेगरसारखा आंबट वास. जेलकोटमधून, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थरातून, झिरपलेलं पाणी आतल्या फायबरग्लासच्या रेझिनमधल्या विरघळणाऱ्या घटकांत मिसळतं, त्याचं आम्ल होतं, ते आणखी पाणी ओढतं आणि फुगा येतो.

सगळे फोड उघडे केले. मग एप्रिलभर गोड्या पाण्याने धुणं, पुन्हा धुणं. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. मीठ नि आम्ल आत राहिलं तर वरून कितीही भारी एपॉक्सी (दोन भाग कालवले की घट्ट होणारं रेझिन) भरा, फोड परत येतातच.

वाळवायला मात्र आपल्या नागपूरसारखी जागा नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत लोक तंबू घालून हीटर लावतात. इथे नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, फुकट. तळावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवायचा आणि सकाळी आत दव धरलंय का ते बघायचं; धरलं तर तळ अजून ओला. बाकी तळ २७ मेला कोरडा ठणठणीत, पण नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, रोज दव. तीन दिवस डोकं खाजवलं. मग लक्षात आलं : आईच्या खोलीतल्या कूलरची ओली हवा दारातून थेट नाळेवर येत होती! आईला सांगितलं तर म्हणाली, "मी बैठकीत झोपते नं, तू तुझी बोट वाळव." चौथ्या सकाळी तिथलं प्लास्टिकही कोरडं.

याच उन्हाने एपॉक्सीत मात्र मारलं. दुपारी अर्धी वाटी कालवलं, दहा मिनिटांत धूर निघून प्लास्टिकची वाटी वाकली. तापमान दहा अंशांनी वाढलं की काम करायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. आता पहाटे साडेचारला उठतो, थोडं-थोडंच कालवतो आणि लगेच पसरट ताटलीत ओततो; ढीग राहिला की तो स्वतःच तापतो. ४१ फोड भरून झाले.

डोलकाठीचं दुखणं वेगळं. ॲल्युमिनियमच्या नळीत स्टीलचे रिव्हेट, मध्ये खारं पाणी : झाली बॅटरी, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. एका रिव्हेटभोवतीची पांढरी भुकटी नखाने काढली तर भोक लांबट झालेलं दिसलं. रिव्हेट ड्रिलने काढून आतून ॲल्युमिनियमचीच पट्टी बसवणार आहे. नवे रिव्हेट मोनेलचे (निकेल-तांब्याचा मिश्रधातू), आणि मध्ये दोन धातूंचा संपर्क तोडणारी पेस्ट.

पाऊस यायच्या आत उरलेले २२ फोड भरून तळावर एपॉक्सीचे थर चढवायचेत. उद्या पहाटे नाळेपासून सुरुवात.